दुपारची पोपटी

पेणपासून रोह्यापर्यंत, मधली सगळी स्टेशनं धरून, आमच्या स्टोअरवाल्या काकांच्या 'आमच्यातला' नसलेला एकही माणूस मला आजवर सापडलेला नाही. मी शोधून पाहिलंय, म्हणून सांगते. एस.टी.चा कंडक्टर त्यांच्यातला, नागोठण्याचा शिंपी त्यांच्यातला, खाडीपलीकडचा मच्छीवाला त्यांच्यातला, आणि पुण्याहून बदलून आलेला, इस्त्री मोडू नये म्हणून खुर्चीच्या काठावर बसणारा साहेबही आठवडाभरात त्यांच्यातला. 'आमच्यातला आहे' हे वाक्य आपल्याकडे किती जपून वापरतात ते तुम्हाला ठाऊक आहे. जात जुळावी लागते, निदान गाव तरी, ते नाही तर गेला बाजार आडनाव तरी. काका मात्र ते वाक्य लग्नातल्या अक्षतांसारखं उधळत सुटायचे. समोरचा बिचारा डोकं खाजवत विचारायचा, "काका, आमच्यातला म्हणजे नक्की कुठला?" त्यावर काका असे काही बघायचे, की जणू त्याने सूर्य कुठे उगवतो असं विचारलंय. "म्हंजे काय? आमच्यातलाच!" एवढं बोलून ते कमरेच्या किल्ल्या वाजवत पुढे निघून जायचे.

काका म्हणजे माझ्या रोह्याच्या आत्याचे शेजारी. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीचं स्टोअर, म्हणजे सुट्या भागांचं कोठार, त्यांच्या ताब्यात होतं. अंगाने काडी, अर्ध्या बाहीचा शर्ट, आणि कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की त्या वजनाने माणूस एका बाजूला कललेला. काका येताहेत हे दिसायच्या आधी ऐकू यायचं. त्यांच्या खिशात कायम एखादा वॉशर नाही तर नट असायचा. माझ्या आतेबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवाच्या खांबापाशी वाकलेले. आत्या दातओठ खात म्हणाली, "अहो, अक्षता टाका ना!" तर म्हणतात, "टाकतो गो, आधी ह्यो बोल्ट आवळतो. मांडव पडला तर अक्षता कुनावर टाकू?" काकूंची तक्रार वेगळी. "ह्यांना पेणला पापड आणायला पाठवावं, तर हे कासूला उतरतात. कोण तरी आमच्यातला भेटतो म्हणे. संध्याकाळच्या गाडीने घरी येतात, पापड नाही ते नाहीच, वर एक पाहुणा घेऊन येतात." पाहुण्याला जेवायला वाढताना काकू चार शब्द ऐकवायच्या, पण भात मात्र दाबून वाढायच्या.

आता स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाचा नोकरभरतीशी काय संबंध? काडीचा नाही. पण वसाहतीत एक पद्धत होती. एखाद्या कंपनीत ऐन वेळी व्हॉल्व्ह गेला, गॅस्केट फाटलं, आणि स्टोअरमध्ये तो माल नसला, तर मुंबईहून येईपर्यंत प्लांट बंद ठेवणार कोण? मग शेजारच्या कंपनीच्या स्टोअरवाल्याकडे धाव घ्यायची, रीतसर चिठ्ठी करायची, उसना माल न्यायचा आणि आपला आला की परत करायचा. त्यामुळे सगळ्या कंपन्यांचे स्टोअरवाले एकमेकांना धरून. साहेब लोक एकमेकांना वर्षातून एकदा भेटायचे, हे रोज भेटायचे. काकांनी ह्या वाटेवरून व्हॉल्व्हबरोबर माणसंही पाठवायला सुरुवात केली. कोणी गॅस्केट न्यायला आला, की हे ते हातात ठेवून वर म्हणायचे, "तुमच्याकडे फिटर पायजे ना? एक हाय. आमच्यातला हाय." असं म्हणून त्यांनी एकदा पाठवला तो ऐकू न येणारा, बोलू न शकणारा फिटर. तिथला फोरमन तणतणत आला. "काका, थट्टा करता का? त्याला हाक कशी मारायची?" काका त्याचं मनगट धरून त्याला त्याच्याच कंपनीच्या धडधडणाऱ्या कॉम्प्रेसरपाशी घेऊन गेले आणि तिथे उभं राहून ओठ हलवायला लागले. फोरमन ओरडला, "काय? ऐकू नाय येत!" काकांनी हातानेच खूण केली, की बघ, म्हणजे तू पण आमच्यातलाच. फिटर तिथे लागला, आणि पुढे त्या फोरमनच्या मुलीच्या लग्नात आचाऱ्याशी हातवारे करून वाद घालताना मी त्याला स्वतः पाहिलंय.

तुम्ही म्हणाल, ह्यात एवढं काय? त्या काळात होतं हो. नव्वद सालानंतरची ती वर्षं. कंपन्या नव्या, नोकऱ्या थोड्या, आणि प्रत्येक दारात तेच 'आमच्यातला'. पण खरंखुरं, दार लावून घेणारं. एका कंपनीत सगळे एकाच गावचे, दुसरीत सगळे एकाच आळीतले. काकांना ह्याचा राग येण्यापेक्षा हसूच जास्त यायचं. "एकाच मापाचे बोल्ट भरून ठेवलेत लेकांनी," ते म्हणायचे, "दुसऱ्या मापाचा लागला की बोंबलत येतील माझ्याकडं." मोहल्ल्यातला एक वेल्डर शुक्रवारी दुपारी नमाजाला जातो म्हणून कुरकुर झाली, तेव्हा काकांनी मंगळवारी गणपतीला लवकर पळणारा एक पेंटर शोधून काढला आणि दोघांची गाठ घालून दिली. तू त्याचा शुक्रवार सांभाळ, तो तुझा मंगळवार सांभाळेल. झालं. कंपनीला कळलंसुद्धा नाही, की एक मोठा प्रश्न होता आणि तो सुटला.

आणि ह्या सगळ्या कारभाराचं वर्षातून एकदा जे अधिवेशन भरायचं, ते म्हणजे काकांची पोपटी. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या, की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून, शेंगा, बटाटे, अंडी, कोणाला हवी तर कोंबडी, ओवा आणि खडेमीठ भरायचं, तोंडही पाल्याने बंद करायचं, मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. ही पोपटी. ती लावायची रात्री, अंधारात, पुरुषमंडळींनी. सगळं रायगड रात्री लावतं. काका दुपारी लावायचे. कासू स्टेशनजवळ त्यांच्यातल्याच एका शेतकऱ्याच्या वालाच्या शेतात, रविवारी, भर उन्हात. वसाहतीतले स्टोअरवाले, फोरमन, पर्सोनेलचे म्हणजे नोकरभरतीचे साहेब, युनियनवाले, सगळ्यांना आमंत्रण. दोन मडकी अंड्या-कोंबडीची, एक निव्वळ शाकाहारी, आणि ती ओळखता यावीत म्हणून बुडाला खडूने खुणा. लोक खो खो हसायचे. "काका, दुपारी पोपटी? मग दिवाळीचे फटाके पण दुपारीच उडवा की!" काका शेंगा निवडत शांतपणे सांगायचे, "पहिल्या वर्षी रात्री लावली होती. आमच्या फर्स्टेडच्या नर्सबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, काका, यायचं मन हाय, पण अंधारात परत जाऊ कशी? मग काय करता? बाईची वेळ बदलता नाय येत, पोपटीची येते." तेव्हापासून पोपटी दुपारी. नर्सबाई यायला लागल्या, मग एक टायपिस्ट, मग कॅन्टीनमधल्या मावशी. संध्याकाळची पॅसेंजर पकडून सगळ्या दिवेलागणीला घरी.

मी त्या पोपटीला पहिल्यांदा गेले, ती नोकरी मागायला. आमचं घर पेणच्या खाडीकडचं, आईवडील मिठागरावर. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या आळीत पेढे वाटले होते, आणि नंतर वर्षभर मी वसाहतीतल्या एकेका गेटवरून परत येत होते. लॅबमध्ये केमिस्ट हवा असायचा. माझे गुण बघून साहेबांचा चेहरा खुलायचा, आणि मग तेच वाक्य यायचं, "पण काय आहे, आमच्याकडे लेडीजची सोय नाही." सोय नाही. किती सभ्य शब्द आहे बघा! म्हणजे संडास नाही, आणि तो बांधायचा विचारही नाही. प्रत्येक गेटवर मला तो शब्द इतक्या अदबीने ऐकवला जायचा, की भांडायलाही जागा नाही. शेवटी आई वैतागली. "शिमग्यापरत बघ. नाय तर चल माझ्यासंगती आगरात. टोपली काय डिगरी मागत नाय." आई बोलली ते रागाने नव्हे, थकून बोलली, म्हणून ते जास्त लागलं. मिठाची टोपली डोक्यावर घेऊन तिच्या मानेचं काय झालं होतं ते मी रोज बघत होते. मी आत्याकडे जाऊन रडले, आणि आत्याने मला भिंतीपलीकडच्या काकांसमोर नेऊन उभं केलं.

काकांनी माझी मुलाखत घेतली. तशी मुलाखत पुढे कोणी घेतली नाही. गुण विचारले नाहीत, कॉलेज विचारलं नाही. "वास सहन होतो का?" हा पहिला प्रश्न. म्हटलं, होतो. "गाडी चुकली तर रडतेस का?" म्हटलं, नाही. "आत्ता तर रडत होतीस." म्हटलं, ते गाडीसाठी नव्हतं. काका खूश झाले. "आमच्यातलीच हायस. पोपटीला ये. येताना मीठ आण." मी म्हटलं, "काका, मला नोकरी पाहिजे." म्हणाले, "व्हय, पण आधी मीठ. तुमच्या आगरातलं. आणि जरा जास्तच आण."

गेले. पिशवीत खडेमीठ, अंगावर आत्याची साडी. सवयीने पदर खोचून वाढायला उठले, तर काकांनी दटावलं. "तू उठायचं नाय. वाढायला स्टोअरवाले हायत. तू तिकडं बस, त्या पर्सोनेलसायबांच्या बाजूला." हे पर्सोनेलसाहेब म्हणजे इस्त्रीवाले, खुर्चीच्या काठावर बसणारे तेच. शेतात खुर्ची नव्हती, म्हणून रुमाल अंथरून त्याच्या काठावर बसले होते. त्यांच्या लॅबमध्ये जागा रिकामी आहे हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी ओळख करून दिली, "ही बी.एस्सी. झालीय. आमच्यातली हाय." साहेब भले गृहस्थ होते, हे मी आजही सांगेन. त्यांनी आपुलकीने चौकशी केली, टायट्रेशनबद्दल दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, ते माना डोलवत होते. आणि मग, शेंग सोलता सोलता, हळहळून म्हणाले, "तुम्हाला घेतलंच असतं हो. पण आमच्याकडे लेडीजची सोय नाही." माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. शिमगा तोंडावर आला होता. मी काकांकडे पाहिलं. वाटलं, आता हे काही तरी बोलतील. काका तांब्या घेऊन पुढे झाले आणि म्हणाले, "सायेब, पाणी घ्या."

पोपटी त्या दिवशी खारट झाली होती. मिठागरावरची पोर मी, पहिल्या शेंगेलाच मला कळलं, आणि मी तोंड उघडणार तोच काकांनी डोळे वटारले. साहेबांना शेंगा फार आवडल्या. शेंगा खाल्ल्या की पाणी, पाणी प्यायलं की काका परत शेंगा पुढ्यात ओतणार, "घ्या हो सायेब, कवळ्या हायत." काकांनी त्यांना एका बाजूने युनियनवाल्याजवळ आणि समोरून नर्सबाईंजवळ असं काही अडकवलं होतं, की मध्येच उठणं म्हणजे असभ्यपणा. साहेबांनी आधी मांडी बदलली. मग घड्याळ पाहिलं. मग ते उठून क्षितिजाकडे पाहू लागले. कोणत्याही पोपटीला पुरुषमाणसाला ही अडचण कधी येत नाही. अंधार असतो, बांध असतो, कोण विचारतो? पण ही होती दुपारची पोपटी. चहूकडे लख्ख ऊन, गुडघ्याएवढे वाल, झाड औषधाला नाही, आडोशाला एक काय ती पेंढ्याची उडवी, आणि तिच्या वाटेवर आम्ही सगळ्या बाया बसलेल्या. साहेब काकांच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले. काकांनी ते सगळ्या शेताला ऐकू जाईल असं परत विचारलं, "सोय? सोय व्हय?"

मग काका साहेबांना घेऊन उडवीमागे गेले. तिथे काकांनी सकाळी येऊन चार बांबू पुरले होते, तीन बाजूंना जुने पत्रे बांधले होते, चौथीला गोणपाटाचा पडदा, बाजूला पाण्याचा पिंप, त्यावर साबणाची वडी. आणि पत्र्यावर खडूने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'लेडीज'. साहेब थबकले. उडवीआडूनही आम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "अहो, हे तर लेडीजचं आहे!" काका शांतपणे म्हणाले, "व्हय. जेन्ट्सची सोय नाय आमच्याकडं." साहेब म्हणाले, "मग मी काय करू?" काका म्हणाले, "सोय नाय खरी सायेब, पण सोय नाय म्हनून बोलवायचं नाय, असा आमचा नियम नाय. आधी बोलावतो. मग सोय करतो. जा, जा, आतून कडी हाय." गोणपाटाला कडी! त्या माणसाने पडद्याच्या काठीला खरोखरच एक पितळी कडी लावली होती. नर्सबाईंनी तोंडात पदर कोंबला. कॅन्टीनच्या मावशी वालात लोळायच्या तेवढ्या राहिल्या. मला हसू येईना. माझे कान तिकडे होते. साहेब बाहेर आले तेव्हा काकांनी त्यांच्या हातावर पाणी घातलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "सकाळचा च्या उकळेपरत झालं हे सगळं. तुमच्या कंपनीला कितीसा वेळ लागंल?"

साहेब परत येऊन रुमालावर बसले. या वेळी काठावर नाही, चांगले ऐसपैस. शेंग काही त्यांनी परत घेतली नाही. मला वाटलं, झालं, गेली नोकरी, ह्या म्हाताऱ्याने भर शेतात साहेबांची फजिती केली आणि माझी टोपली पक्की केली. संध्याकाळी कासूच्या फलाटावर गाडीची वाट बघत उभी होते, तेव्हा साहेब जवळ आले. म्हणाले, "सोमवारी सर्टिफिकेटं घेऊन या." माझ्या तोंडून निघून गेलं, "पण साहेब, सोय?" साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाले, "सोयीचं मी बघतो." आणि मग त्यांना एकदम हसू फुटलं. एवढा इस्त्रीचा माणूस, फलाटावरच्या बाकाला धरून हसत होता.

घरी गेले. आईला सांगितलं. चुलीपुढे बसल्या बसल्या तिने माझा हात धरला आणि बराच वेळ तो नुसता धरून ठेवला. मग म्हणाली, "कोन गो तो म्हातारा? आपल्यातला हाय काय?" मी म्हटलं, "व्हय आये."

लॅबशेजारी ती सोय झाली. मी रुजू झाले त्या दिवशी काका त्यांच्या कंपनीची चहाची सुट्टी साधून किल्ल्या वाजवत आमच्या गेटवर हजर. मला वाटलं, शुभेच्छा द्यायला आले. कसलं काय! सरळ त्या दाराशी गेले, उघडलं, लावलं, परत उघडलं, आणि कपाळाला हात लावला. आमच्या लोकांनी कडी बाहेरून लावली होती, कुलूप घालायला, आणि किल्ली ठेवली होती गेटवरच्या वॉचमनकडे. म्हणजे मी दर वेळी सगळ्या कंपनीदेखत जाऊन किल्ली मागायची! काकांनी खिशातून तीच पितळी कडी काढली, गोणपाटावरची, आणि स्वतःच्या हाताने आतून बसवून दिली. "कडी आतून पायजे गो," ते स्क्रू पिळत म्हणाले, "बाहेरून लावली तर ती सोय नाय, ती कोठडी." माझ्यानंतर त्या लॅबमध्ये, आणि शेजारच्या कंपन्यांत, किती तरी मुली आल्या. त्यांच्यातल्या कोणालाही गेटवरून 'सोय नाही' ऐकून परत जावं लागलं नाही. मी आईची टोपली उतरवली ती नोकरीतल्या माझ्या पहिल्या दिवाळीला, आणि तेव्हापासून मिठाची चव जिभेला लागली, की मला आधी काका आठवतात आणि मग आगर. एवढं ऋण एका माणसाचं असू शकतं, आणि ते जड वाटत नाही, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

काका निवृत्त झाले, तेव्हा आम्ही सत्कार ठरवला होता. आदल्या दिवशीच काकांनी किल्ल्या जमा करून टाकल्या आणि सत्काराला आले ते आवाज न करता. त्यामुळे ते आलेत हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. आम्ही दाराकडे बघतोय आणि काका मागच्या खुर्चीचा सैल झालेला पाय घट्ट करत बसलेले. मग गुडघे दुखायला लागले म्हणून मुलाकडे नाशिकला गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "शेंगा जून होऊ देऊ नकोस. आणि मीठ बेतानं घाल आता. काम झालंय."

त्यांच्यावाचूनची पहिली पोपटी आम्ही कासूलाच लावली, त्याच शेतात, दुपारी. ऐकू न येणारा फिटर पेंढा रचत होता, वेल्डर आणि पेंटर शाकाहारी मडकं कुठलं ह्यावरून भांडत होते, आणि उडवीमागे पर्सोनेलसाहेब, इस्त्रीच्या बाह्या दुमडून, स्वतः बांबूला गोणपाट बांधत होते. पुण्याहून नुकतेच आलेले एक तरुण अधिकारी टोपीने वारा घेत मला म्हणाले, "मॅडम, पोपटी तर रात्रीची असते ना? ह्या उन्हात कशाला?" सगळं सांगायला बसले असते, तर संध्याकाळची पॅसेंजर चुकली असती. मी म्हटलं, "आमच्यात दुपारचीच असते."

ते जरा घुटमळले. नवखे होते, पण ह्या शब्दाला जपून असतात हे त्यांनाही ठाऊक असावं. हळूच विचारलं, "आमच्यात म्हणजे... नक्की कोणात?"

"म्हंजे काय?" मी म्हटलं, "आमच्यातच!" आणि बोलता बोलता वळून मागे पाहिलं. किल्ल्या वाजल्यासारख्या वाटल्या होत्या. फिटरने पाण्याची बादली ठेवली होती, तिची कडी हलत होती.